डी ड्राइव्हमधला तलावाचा धडा

माय, तुझ्या कॉम्प्युटरवर मी दुसरी सिस्टीम टाकली, आणि टाकताना तुझा आवाज पुसून टाकला. हे वाक्य आधी लिहून मोकळी होते, नाहीतर नेहमीसारखी इकडचं तिकडचं सांगत बसेन आणि मुद्द्यावर यायला संध्याकाळ होईल. तू असतीस तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाली असतीस, "विषय सांग पह्यले, मंग मजकूर." तर विषय हा असा आहे. तुला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. बाबूजी गोरेगावच्या घरीच आहेत, ऐंशीच्या घरात आले आहेत, शेत ठेक्याने दिलं तरी रोज धानाच्या बांधीवर चक्कर मारल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. तुझा कॉम्प्युटर समोरच्या छपरीला लागून असलेल्या त्याच खोलीत, त्याच टेबलावर आहे, जिथे तू टायपिंगचा क्लास घ्यायचीस. बाकीची मशीनं एकेक करून भंगारात गेली. हे एक राहिलं, कारण बाबूजींनी ते हलवू दिलं नाही.

बाबूजींचा हा दुपारचा कार्यक्रम तुला माहीत असायचं कारण नाही, तो तू गेल्यावर सुरू झाला. जेवण झालं की ते हात धुऊन त्या खोलीत जातात, मशीनवरचं फुलाफुलांचं कव्हर काढून नीट घडी घालतात, बटण दाबतात आणि खुर्चीत वाट पाहत बसतात. तू कधीतरी शिकवलेलं तेवढंच त्यांना येतं. आधी डी ड्राइव्ह, त्यात डिक्टेशनचं फोल्डर, त्यात तलावाचा धडा. मुलांना सरावाला म्हणून तू तुझ्याच आवाजात मजकूर वाचून ठेवले होतेस, मुलं कानाला हेडफोन लावून ऐकायची आणि टाइप करायची. तलावाचा धडा तर गोरेगावच्या अर्ध्याअधिक तरुणांना पाठ असेल. "प्रति, माननीय तहसीलदार साहेब, स्वल्पविराम. विषय, आमच्या गावच्या मामा तलावाची पाळ दुरुस्त करण्याबाबत, पूर्णविराम. नवीन परिच्छेद." तो अर्ज खरा होता. आपल्या वाडवडिलांनी खणलेल्या त्या माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलावाची पाळ एका पावसाळ्यात फुटली तेव्हा बाबूजींनी तो तुझ्याकडून लिहून घेतला, आणि तू काटकसरी बाई, त्याचाच क्लासचा धडा करून टाकलास. धड्याच्या मध्यात कूकरची शिटी होते. तू थांबतेस, तुझा तो शुद्ध, तोलूनमापून काढलेला आवाज एकदम घरचा होतो, "अवो, गॅस बंद करा ना! मी बोलून राहिली इकडं," आणि श्वास न घेता पुढे, "पाळीला पडलेले भगदाड, स्वल्पविराम." ते पुन्हा रेकॉर्ड करायचं राहून गेलं. मुलं त्या जागेवर खुदुखुदु हसायची, आणि एका मुलीने तर सरावाच्या कागदावर तहसीलदार साहेबांनाच गॅस बंद करायची विनंती टाइप करून दिली होती. तू तिचे मार्क कापले नाहीस. ऐकलं तेच तिनं टाइप केलं, चूक माझी आहे, म्हणालीस.

बाबूजी रोज त्याच जागेसाठी बसतात. तू गॅस बंद करा म्हणालीस की ते खुर्चीतून म्हणतात, "हाव, केला बंद." मग डोळे मिटतात, आणि धडा संपायच्या आत घोरायला लागतात. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडले होते. पुढे सवय झाली. सुट्टीत मी गोंदियाहून आले की दुपारी हा कार्यक्रम असतोच, आणि त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे स्पीकरचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं असतं, म्हणजे मी घरात कुठेही असले तरी तू मला अर्ज सांगत असतेस.

मीही तुझ्याच हाताखाली शिकले. घरची म्हणून सवलत नव्हती, उलट चार शब्द जास्तच. टायपिंग शिकायला बसले तेव्हा तू माझ्या दोन्ही हातांवर टॉवेल टाकला होतास, अक्षरं दिसू नयेत म्हणून. "बोटायकडं पाहू नको. बोटायले सारं समजते." मी टॉवेल हळूच वर करून पाहायची आणि तू पाठीमागून येऊन कान धरायचीस. दुपारी लाइट गेली की यूपीएस चीं-चीं करायला लागायचा आणि तू जिथे असशील तिथून ओरडायचीस, "पोट्टेहो, सेव्ह करा!" ते सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. कुठे सेव्ह करायचं तेही तू आमच्याकडून घोटून घेतलं होतंस. सीमध्ये काही ठेवायचं नाही. सी मशीनची, डी आपली. व्हायरस येवो, मशीन बसो, मेकॅनिक येऊन फॉर्मॅट मारून जावो, पुसली जाते ती सी, डीला कोणी हात लावत नाही. "सी तं जानारच हाये. डी नाही जात." गोरेगावात ज्याने ज्याने कॉम्प्युटरला पहिला हात लावला तो तुझ्या खोलीत लावला, म्हणून हे वाक्य तलाठी कार्यालयापासून धानाच्या गिरणीपर्यंत सगळीकडे पोचलं आहे. मी माझ्या शाळेतल्या मुलांनाही हेच शिकवत आले.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मी एकदा ते मोडलं होतं. माझा सगळा प्रकल्प मी डेस्कटॉपवर ठेवला होता, मशीन चालू केलं की समोर दिसतो म्हणून, आणि डेस्कटॉप म्हणजे सीच, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मेकॅनिक आला, फॉर्मॅट मारून गेला. मी तुझ्यासमोर उभी आहे, आणि आता तू सगळ्या मुलांसमोर म्हणणार की मी काय सांगत होते, याची वाट पाहते आहे. तू म्हणत नाहीस. तू मुलांना लवकर घरी पाठवतेस, माझ्या खरडलेल्या कागदांचा गठ्ठा मागतेस आणि शेजारी स्टूल ओढून बसतेस. "चाल, मी सांगतो, तू मार." आणि तुझ्या त्या डिक्टेशनच्या आवाजात, एकेका स्वल्पविरामासकट, माझंच लिहिलेलं मला सांगत राहतेस. मधे बाबूजी चहा आणून ठेवतात, तो थंड होतो. त्या दिवशी काय, पुढेही कधी तू तो विषय काढला नाहीस. माझ्यात तुझं हे आलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

आता या दिवाळीचं. मशीन फारच हळू झालं होतं. बटण दाबल्यापासून तुझा आवाज यायला इतका वेळ लागायचा की बाबूजींची डुलकी तू येण्याआधीच व्हायची. एका दुपारी तर तू "माननीय" म्हणालीस आणि तिथेच अडकलीस, मा-मा-मा-मा करत राहिलीस, आणि बाबूजी घाबरून मला हाका मारायला लागले. त्यात त्या जुन्या विंडोजला आता नवीन दुरुस्त्या मिळणार नाहीत अशी पाटी येत होती. माझ्या शाळेत आम्ही अशाच म्हाताऱ्या मशीनवर लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम टाकली आहे, फुकट मिळते, हलकी आहे, मशीनं पुन्हा पळायला लागतात. मी स्वतः लॅबमधल्या कितीतरी मशीनवर टाकली. सुट्टीला येताना पेनड्राइव्ह पर्समध्ये घालूनच आले. मनात चांगलंच होतं, हे तू मानशील. पण थोडी मिजासही होती, तीही सांगते. तू जे मशीन मेकॅनिकशिवाय उघडायची नाहीस ते मी एकटी नवं करून दाखवणार होते.

लिनक्सचं एक बरं असतं. ती आधी नुसती चालवून पाहता येते. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, आतल्या डिस्कला धक्का न लावता सगळं करून पाहायचं, नाही आवडलं तर पेनड्राइव्ह काढायचा, जुनं सगळं जागच्या जागी. मी तसंच केलं. पडद्यावर सगळं मराठीत आलं, फायलीला धारिका वगैरे, तुला हसू आलं असतं. डी उघडून पाहिली, तुझी फोल्डरं दिसली. एकेका मुलाच्या नावाचं फोल्डर, त्यात त्यांनी माउसने काढलेली झोपडी, डोंगर आणि डोंगरामागचा सूर्य. तू कोणाचंच काढून टाकलं नव्हतंस. तलावाचा धडा लावला तर न अडकता वाजला. बाबूजी दोन दिवस त्या पेनड्राइव्हवरच ऐकत होते. "साफ झाला आवाज," म्हणाले, "तिले सर्दी होती का काय इतके दिवस." तिथेच थांबले असते तर? ते तसंच महिनोन्महिने चाललं असतं. पण सारखा पेनड्राइव्ह लावून ठेवायचा, तो हळू, बाबूजींनी उपटला तर काय, असं म्हणत मी तिसऱ्या दिवशी सकाळी पक्कं बसवायला घेतलं.

बसवताना ती विचारते. जुन्या सिस्टीमच्या शेजारी बसवू, की डिस्क पुसून बसवू. लॅबमध्ये आम्ही कायम दुसरंच निवडतो, तिथे जपण्यासारखं काही नसतं. हात आपसूक तिकडे गेला. खाली स्पष्ट लिहिलेलं होतं की डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. मी ते वाचलं. घाईत नव्हते, चष्मा लावून वाचलं. आणि मनात म्हणाले, पुसू दे, सी तं जाणारच आहे. डी कशी जाईल? डी कधी जात नाही. त्या लिनक्सला सी आणि डी काय माहीत? तिला दिसते ती अख्खी डिस्क. मेकॅनिक तुझ्या वेळी फॉर्मॅट मारायचा तेव्हा तो फक्त सीला मारायचा, डी आपल्या हाताने वगळायचा. डी राहायची ती त्याने राहू दिल्यामुळे राहायची. हे मला आज लिहिताना सरळ दिसतं आहे. त्या सकाळी पट्टी भरत गेली, मी शेजारी बसून मटार सोलत होते.

झालं तेव्हा मशीन खरोखर पळत होतं. मी डी शोधली. या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात, इतर ठिकाणं म्हणून असतं तिथे. कुठेच नव्हती. शाळेच्या लॅबमधल्या सहायकाला फोन लावला. त्याने कोणता पर्याय निवडला ते विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाला, "मॅडम, वो तो पूरा गया. बॅकअप था ना?" मी हो म्हणून फोन ठेवला. दुपारी बाबूजी हात पुसत आले, कव्हरची घडी घातली, खुर्चीत बसले. मी त्यांना म्हणाले की नव्या सिस्टीममध्ये आवाजाचं सेटिंग बाकी आहे, अजून आवाज येत नाही. त्यांनी मान डोलावली. "बरं. उद्या लाव," म्हणाले, आणि आत जाऊन आडवे झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज विचारायचे, "झालं का सेटिंग?" आणि मी रोज म्हणायची की करून राहिली, बाबूजी. एक दिवस सर्व्हिसिंगच्या नावाखाली डिस्क काढून मी गोंदियाला स्टेशनजवळच्या एका दुकानात नेली. तिथल्या माणसाने खूप प्रयत्न केले. झोपड्या आणि सूर्य थोडे परत आले, काही अर्धेच. आवाजाच्या फायली नावापुरत्या निघाल्या, त्या उघडत नाहीत. तलावाची नावालाही निघाली नाही.

मग ते प्रशिक्षण आलं. सुट्टीतसुद्धा शाळेचं ऑनलाइन प्रशिक्षण असतं माय, तुझ्या वेळी हा ताप नव्हता. मोबाइलच्या पडद्यावर काही दिसेना म्हणून मी तुझ्या मशीनवर लावलं, आणि स्पीकरचं बटण बाबूजींनी शेवटपर्यंत फिरवून ठेवलेलं आहे हे विसरले. घर हादरेल एवढ्या आवाजात त्या प्रशिक्षण देणाऱ्या बाई विचारायला लागल्या, "सगळ्यांना माझा आवाज येतोय ना? आवाज येतोय का?" बाबूजी अंगणात ठेक्यापोटी आलेल्या धानाच्या भाऱ्यांपाशी होते. तसेच आत आले, अंगाला कुटाराचा भुसा लागलेला, दारात उभे राहिले.

"बाई, याले तं आवाज आहे," मला म्हणाले.

मी बटण फिरवून त्या बाईंना गप्प केलं.

"लागलं ना सेटिंग? मंग लाव ना तिले."

"नाही लागत, बाबूजी. गेलं ते."

"काय गेलं?"

"तिचं सगळं. नवीन सिस्टीम टाकली त्यात पुसलं गेलं."

ते माझ्याकडे बघत राहिले, राग नव्हता, समजून घेत होते. "डीमंधी होते ना थे?"

"डीमध्येच होतं."

"डी तं नाही जात म्हने ती."

आणि मी म्हणाले, "चुकीचं म्हणत होती. जाते डी. मायनं चुकीचं शिकवलं सगळ्यायले, अन् मी तिचं ऐकून फसली."

हे माझ्या तोंडून निघालं, माय. एवढ्या सहज निघालं की जणू तयारच होतं. बाबूजींनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. भिंतीवर तुझ्या फोटोखालच्या विजेच्या बोर्डाकडे, तिथल्या बटणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "असंल. एवढ्या पोट्टेपोट्ट्यायले शिकवलं, एखादं चुकलं असंल तिचं. ती का कुठं शाळेत शिकली होती हे? तू नको मनाले लावून घेऊ." आणि गेले भारे मोजायला.

या माणसाने उभ्या जन्मात तुला चूक म्हटलं नव्हतं. तू खीर करपवलीस तर त्यांना खीर करपलेलीच आवडायची. अर्जात तू त्यांच्या आडनावाची वेलांटी चुकवलीस तर ते म्हणाले होते, तसंही लिहितात काही लोक. त्यांच्या तोंडून मी "तिचं चुकलं असंल" काढून घेतलं, स्वतःची कातडी वाचवायला. ते रागावले असते, ओरडले असते, तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मला मोकळं केलं आणि त्यासाठी तुला चूक ठरवलं, आणि मी ते करू दिलं.

आणि तू चुकली नव्हतीस. हे मला ते बोलतानाच माहीत होतं, म्हणून तर जास्त लागतं. तू एकट्या डीवर कधी विसंबली नाहीस. दर शनिवारी क्लास सुटला की तू सगळ्याची सीडी काढायचीस, वर मार्करने लिहायचीस आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवायचीस. "डी नाही जात" हे आम्ही ऐकलं, शनिवारच्या सीडीचं काम तुझं म्हणून तिकडे पाहिलं नाही. तू गेल्यावर तो डबा माझ्याच हाती लागला होता. त्या वर्षी पोपट आणि चिमण्या पऱ्ह्यांवर, धानाच्या रोपांवर, फार पडत होत्या, बाबूजी चमकणारं काहीतरी शोधत होते, आणि मी डबा त्यांच्यापुढे केला. घेऊन जा, म्हटलं, डीमध्ये आहे सगळं. त्यांनी दोऱ्यात ओवून बांधीवर टांगल्या. उन्हात लखलख करायच्या, पाखरं खरंच यायची नाहीत. त्या प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी मी बांधीवर जाऊन आले. बाभळीला दोन अजून लटकल्या आहेत. तुझं अक्षर धुऊन गेलं आहे, वरचा चंदेरी पापुद्रा सुटून नुसतं प्लास्टिक राहिलं आहे, आरपार तलावाची पाळ दिसते. तरी एक तोडून घरी आणली, ओढणीने पुसली, ट्रेमध्ये घालून पाहिली. ट्रे गुरगुरला आणि बाहेर आला.

मला वाटलं होतं ते एवढ्यावर थांबेल. परवा तुझा एक जुना विद्यार्थी आला होता, आता पंचायत समितीत आहे, फराळाला म्हणून आला. बोलता बोलता त्याच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरचं निघालं, आणि तो कौतुकाने म्हणाला की मॅडमचं ऐकून आपण आजही सगळं डीमध्येच ठेवतो. बाबूजींनी चिवड्याची बशी त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "थे डीचं खरं नाही म्हने, बापा. आमची बाई सांगून राहिली. तिचं चुकलं होतं थे." तो माझ्याकडे पाहायला लागला, मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते हे त्याला माहीत आहे, खरं-खोटं मी सांगेन म्हणून. मी म्हणाले, "हो, आता तसं राहिलं नाही." आणि चहा आणायला उठले. स्वयंपाकघरात दूध उतू जाईपर्यंत उभी राहिले. बाहेर तो बाबूजींना म्हणत होता, "असो ना, त्या काळी कोणाले माहीत होतं." दोघं मिळून तुला माफ करत होते.

बाबूजींना मी खरं सांगणार आहे. रोज ठरवते. की माय बरोबर होती, मी वाचूनसवरून बटण दाबलं, आणि सीड्याही मीच दिल्या. यात अवघड काय आहे? दोन वाक्यं आहेत. विषय आणि मजकूर. पण सीड्यांचं सांगितलं तर त्यांना कळेल की पाखरं हाकलायला त्यांनी स्वतःच्या हाताने काय टांगलं होतं, मग ते स्वतःला चूक म्हणायला लागतील, आणि या सबबीखाली मी गप्प बसते. सबब खरी आहे, म्हणूनच तिचा एवढा उपयोग होतो. सुट्टी संपत आली. सोमवारी मी गोंदियाला परत जाईन.

दुपारी ते अजून खोलीत जातात. मशीन चालू करत नाहीत. कव्हर काढून घडी घालतात, खुर्चीत बसतात. काल मी दाराशी कपडे वाळत घालत होते, आतून काहीच आवाज नव्हता. त्यांचे ओठ हलत होते. मधेच त्यांनी मान उचलली, जरा थांबले, आणि म्हणाले, "हाव, केला बंद." मग डोळे मिटले. मी ओला टॉवेल हातात धरून तिथेच उभी राहिले. तुझ्यासारखा आवाज काढून "गॅस बंद करा" म्हणावं असंही क्षणभर वाटलं, पण तेवढी हिंमत झाली नाही.

हे मी तुझ्याच मशीनवर टाइप केलं, बोटांकडे न पाहता. छापणार नाही, आणि छापलं तरी कोणाला देऊ? एक गोष्ट वर सांगायची सोडून दिली, ती तेवढी सांगते. त्या पहिल्या दुपारी, आवाजाचं सेटिंग बाकी आहे असं सांगून मी बाबूजींना आत पाठवलं, तेव्हा घर एकदम शांत झालं. तहसीलदार नाही, स्वल्पविराम नाही, कूकरची शिटी नाही. मी छपरीत पाय पसरून सहामाहीचे पेपर तपासायला बसले, आणि मला बरं वाटलं. तू कायमची गेलीस हे मला तासाभरापूर्वीच कळलं होतं, माय, आणि तरी मला बरं वाटलं.